अलॉटमेंट लागल्यानंतरचे तीन दिवस: ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदाच इंजिनीअरिंगचा प्रवेश घेणाऱ्या घरांसाठी

मागच्या वर्षी कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीचं अलॉटमेंट, म्हणजे जागावाटप, लागलं, त्या संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरची मुलगी, मागे तिचे बाबा. "काकू, लागलंय. पण काय लागलंय तेच कळत नाहीये," म्हणत तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर कॉलेजचं नाव, ब्रँचचं नाव, त्या दोन्हींचा मिळून दहा आकडी चॉइस कोड आणि जागेचा प्रकार या रकान्यात ‘एल-ओपन-एच’ अशी जोडून लिहिलेली अक्षरं. बाबांनी त्या ‘एल’चा अर्थ लिस्ट असा लावला होता, म्हणजे मुलगी अजून वेटिंगवर आहे. मुलगी रडवेली होती, कारण पहिलं कॉलेज हुकलं होतं. प्रत्यक्षात तिला पक्की जागा मिळाली होती, तिच्या यादीतल्या चौथ्या पर्यायाची, आणि ती धरायला जवळजवळ तीन दिवस हातात होते. ते त्यांच्यापैकी कुणालाही त्या क्षणी ठाऊक नव्हतं, कारण घरात तिच्याआधी कुणी या प्रक्रियेतून गेलेलंच नव्हतं. आईसुद्धा जिन्यात उभी राहून ऐकत होती.

आम्ही ऐरोलीत राहतो. माझी दोन्ही मुलं याच प्रक्रियेतून गेली, त्यामुळे जून ते ऑगस्ट आमच्याकडे अशी दोन-तीन घरं येतातच. प्रश्न तेच असतात, चुका त्याच असतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. हे मुख्यतः एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेशातून, म्हणजे कॅपमधून, इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्या वाटांचं शेवटाकडे थोडं येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. अलॉटमेंटच्या दिवशी तुमच्यासमोर एकच प्रश्न असतो: ही जागा हातात ठेवायची की सोडायची? मुलाचं पुढे काय होणार, ही ब्रँच दहा वर्षांनी चालेल का, मावसभावाला कुठे मिळालं होतं, हे सगळे प्रश्न खरे आहेत, पण त्या दिवसाचे नाहीत. ते सगळे त्याच रात्री सोडवायला बसलं की जो एक निर्णय घड्याळाला बांधलेला आहे तोच राहून जातो.

आधी कागद, मग कॉलेज

अलॉटमेंट लागायच्या आधीच एक जाड फोल्डर करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचं स्कोअरकार्ड, आधार, अधिवास प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र), उत्पन्नाचा दाखला. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाइलवर एक स्वच्छ स्कॅन. फोनने काढलेला, सावली पडलेला फोटो अपलोड करू नका. तपासणाऱ्याला अक्षर लागलं नाही की अर्ज परत येतो आणि एक दिवस जातो.

यात नॉन-क्रिमिलेअरबद्दल जरा थांबून सांगते, कारण तिथे आमचं नुकसान झालेलं आहे. मोठ्या मुलीच्या वेळी आमच्याकडे प्रमाणपत्र होतं, लॅमिनेट करून कपाटात ठेवलेलं. त्याची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपली होती, हे आम्ही जुलैत पाहिलं. नवीन काढेपर्यंत कागदपत्रं तपासण्याची तारीख उलटली आणि ती ओबीसीतून खुल्या प्रवर्गात गेली. जे कॉलेज तिला दुसऱ्या फेरीत मिळायची खूप शक्यता होती ते गेलं. चूक आमचीच होती, कागद हाताशी असूनही तारीख वाचली नाही. ही प्रमाणपत्रं काही एका वर्षाची असतात, काही तीन वर्षांपर्यंतची, पण संपतात ३१ मार्चलाच. तुमचं प्रमाणपत्र ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घेताय त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६. आज उठून ती तारीख वाचा. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्रही त्या वर्षाचं आणि राज्य सरकारच्या नमुन्यातलं लागतं. केंद्राच्या नमुन्यातलं चालत नाही.

दाखला काढायला कुठे जायचं, यातही आपल्याकडे गोंधळ होतो. नवी मुंबई म्हटली तरी ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो, त्यामुळे वाशी-नेरूळच्या माणसाचं काम ठाणे तहसीलकडे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. खारघरची एक ओळखीची बाई ठाण्याला अर्धा दिवस रांगेत उभी राहून परत आली होती. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवरून घरबसल्याही करता येतो. पोर्टलवर करा किंवा सेतू केंद्रातून, पण मे महिन्यातच करा. जूनमध्ये सगळा तालुका तिथेच असतो.

आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ नीट लिहिलंय का पाहा. दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेल्या मुलाला राज्याचा उमेदवार ठरायला एकतर महाराष्ट्राचा अधिवास किंवा महाराष्ट्रातला जन्म दाखवावा लागतो. जन्मस्थळाच्या जागी फक्त गावाचं नाव असेल, तालुका-जिल्हा नसेल, तर अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवणं शहाणपणाचं.

पत्र सावकाश वाचा

निकाल मुलाच्या लॉगिनमध्ये येतो. अलॉटमेंट लेटरची पीडीएफ उतरवून घ्या, शक्य असेल तर छापून घ्या आणि पेन घेऊन बसा. व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून काही ठरवू नका.

पहिल्यांदा पाहा कितव्या पर्यायाची जागा मिळाली आहे. हा आकडा कॉलेजच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे, का ते पुढे सांगते. मग चॉइस कोड तुमच्या ऑप्शन फॉर्मशी, म्हणजे पसंतीक्रमाच्या अर्जाशी, ताडून पाहा, कारण एकाच कॉलेजात कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स अशी मिळतीजुळती नावं असतात आणि घाईत भलतंच वाचलं जातं. मुंबई विभागातल्या कॉलेजांचे कोड ०३ ने सुरू होतात.

मग ती अक्षरं. सुरुवातीचा ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. मधे प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी, एसटी, एनटी-१ वगैरे. शेवटचा ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातल्यांसाठीची जागा, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. वरच्या मजल्यावरच्या मुलीला मिळालेली जागा म्हणजे मुलींसाठीची, खुल्या प्रवर्गातली, मुंबई विद्यापीठाच्या हद्दीतल्या विद्यार्थिनीची जागा. हे सांगितल्यावर तिचे बाबा आमच्या सोफ्यावर बसले आणि पहिल्यांदा पाणी प्यायले.

‘टीएफडब्ल्यूएस’ दिसलं तर ती शिकवणी शुल्कमाफीची जागा. अशा जागा मंजूर जागांच्या ५ टक्के, वरून दिलेल्या असतात आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं. या जागेवर गेल्यावर पुढे ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही, हे मुलाला आधीच सांगा.

होम युनिव्हर्सिटीवरून एक सांगते. दहावी-बारावी महाराष्ट्रात केलेल्या उमेदवाराची होम युनिव्हर्सिटी तो राहतो कुठे यावरून ठरत नाही, बारावी कुठून केली यावरून ठरते. ठाण्यातल्या मुलाला अकरावी-बारावीला लातूरला पाठवलं असेल तर त्याचं घरचं विद्यापीठ नांदेडचं. मग स्वतःच्या घराजवळच्या कॉलेजात तो बाहेरचा ठरतो, आणि बहुतेक कॉलेजांत जागांचा मोठा वाटा होम युनिव्हर्सिटीवाल्यांना असतो. मागच्या वर्षीचे कटऑफ (शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला ते) पाहताना अशा घरांनी ‘ओ’चा रकाना पाहायचा. अनेक जण ‘एच’चा पाहून आशा बांधतात.

फ्रीझ की बेटरमेंट

इथे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका उतरवून तिचा एवढा भाग तरी स्वतः वाचा. २०२५-२६ च्या प्रवेशांत चार फेऱ्या होत्या आणि नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्या पर्यायाची जागा मिळाली तर ती आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच कायम, पुढची फेरी नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलीही मिळाली तर फ्रीझ. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. चौथी फेरी शेवटची. आपोआप फ्रीझ झालेली जागा घ्यायची नाही म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं.

याचा अर्थ नीट उलगडून पाहा. ऑप्शन फॉर्म भरताना ‘वर टाकून बघू, लागतंय का’ म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकलेली गोष्ट लागली तर ती तुमची. आमच्या शेजारच्या विंगमधल्या एका मुलाने मित्र तिथे जाणार म्हणून पनवेलकडच्या एका कॉलेजची केमिकल ब्रँच एक नंबरला टाकली. स्वतःचा ओढा कॉम्प्युटरकडे. पहिल्याच फेरीत केमिकल लागलं. पुढच्या फेरीत त्याला ऐरोली किंवा कोपरखैरण्यात आयटी मिळण्यासारखा मेरिट नंबर होता, पण त्याला पुढची फेरीच नव्हती.

आपोआप फ्रीझ न होणारं काही लागलं, तर तीन गोष्टी करता येतात. जागा स्वीकारून फ्रीझ करायची: म्हणजे हेच कॉलेज, विषय संपला. जागा स्वीकारून बेटरमेंट घ्यायचं: ही जागा हातात राहते आणि पुढच्या फेरीत वरचं काही मिळतं का पाहता येतं. किंवा स्वीकारायचीच नाही: मग ती जागा दुसऱ्याला जाते आणि तुम्ही रिकाम्या हाताने पुढच्या फेरीत उभे राहता.

पहिल्या फेरीत पसंतीक्रमातलं खालचं काही लागलं तर माझं मत स्पष्ट आहे. त्या कॉलेजात जायची थोडीही तयारी असेल तर जागा स्वीकारा आणि बेटरमेंट घ्या. स्वीकारण्याचं शुल्क १००० रुपये, ऑनलाइन भरायचं. एवढ्या पैशात हातात एक जागा राहते आणि घरात झोप लागते. जागा सोडून देण्याचा सल्ला मी फक्त तेव्हाच देते, जेव्हा मूल ठामपणे म्हणतं की इथे मी जाणारच नाही, आणि ते रागात म्हणत नसतं.

बेटरमेंटचा एक काटा आहे. पुढच्या फेरीत नवं काही लागलं की हातातली जागा आपोआप जाते, ‘जुनंच बरं होतं’ म्हणून परत येता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरताना हातातल्या जागेपेक्षा खरोखर बरे वाटतात तेवढेच पर्याय टाका. आठच निघाले तर आठच. ३०० पर्यंत पर्याय भरता येतात म्हणून भरायलाच हवेत असं नाही. पहिल्या फेरीत मात्र याच्या उलट वागावं लागतं. तिथे यादी लांब ठेवायची, कारण हातात काहीच नसतं.

स्वीकारण्याच्या मुदतीत तारखेबरोबर वेळही दिलेली असते. रात्री बारापर्यंत आहे असं धरून चालू नका. पैसे खात्यातून गेले आणि स्थिती मात्र ‘प्रलंबित’ असं दिसत असेल तर दुसऱ्यांदा भरायच्या आधी थोडं थांबा, लॉगआउट होऊन परत पाहा, व्यवहार क्रमांकाचा फोटो काढा. शेवटच्या तासावर ठेवलं नसेल तर याला वेळ मिळतो. पावती निघाली की अलॉटमेंट लेटरच्या मागे टाचा.

नकाशावर जवळ, लोकलने लांब

पर्याय लावताना बहुतेक घरं कटऑफची पीडीएफ पाहतात. ती पाहायलाच हवी. प्रत्येक चॉइस कोडखाली शेवटच्या मुलाचा मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल असतं. पण आपल्या भागात दुसरी एक यादी तेवढीच महत्त्वाची आहे: रोजचा प्रवास.

माझा धाकटा मुलगा घोडबंदर रोडच्या एका कॉलेजबद्दल विचार करत होता. ऐरोलीहून ठाणे म्हणजे लोकलने अगदी जवळ, असं आम्ही धरलं. जुलैच्या एका मंगळवारी सकाळी सव्वासातला आम्ही दोघं निघालो. ठाण्याला दहा नंबर फलाटावर उतरलो, पूल चढून पश्चिमेला आलो, बसच्या रांगेत उभे राहिलो आणि कासारवडवलीपर्यंत पोचताना माजिवड्यापाशी जे अडकलो ते अडकलोच. पाऊस होता, मेट्रोच्या कामाने रस्ता अरुंद झालेला. कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "आई, हे चार वर्षं?" दुसऱ्या दिवशी आम्ही नेरूळला गेलो. अंतर जास्त, पण ट्रान्स-हार्बरने (ठाणे-नवी मुंबई लोकलने) बसून गेला, उतरून चालत. त्याने दोन्ही पर्यायांची अदलाबदल केली. कॉलेज वाईट म्हणून नव्हे. घोडबंदरलाच राहणाऱ्या मुलासाठी तेच कॉलेज सोन्यासारखं आहे.

म्हणून पहिल्या सहा-सात पर्यायांपर्यंत तरी कामाच्या दिवशी, कॉलेजच्या वेळेला, पावसाळ्यात जाऊन या. ठाण्याच्या पूर्वेला राहणाऱ्याला कोपरीचं कॉलेज चालत जाण्यासारखं. वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळ इथली कॉलेजं ट्रान्स-हार्बरवाल्यांना सोयीची. खारघर-पनवेलची कॉलेजं कळव्याच्या मुलाला वाटतात त्यापेक्षा लांब आहेत. माटुंगा किंवा अंधेरीला जायचं असेल तर मूल चार वर्षं सकाळच्या गर्दीत लोंबकळणार आहे, हे धरून हो म्हणा. त्या कॉलेजांसाठी तो त्रास घ्यावा असं वाटत असेल तर जरूर घ्या, मोठ्या मुलीने घेतला. पण तिथेही स्टेशनपासूनचा शेवटचा टप्पा चालून पाहिला होता.

कॉलेजला गेल्यावर आत जाऊन ऑफिसात बोलण्यापेक्षा बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. प्रॅक्टिकल खरंच होतात का, हजेरीचं काय, केटी लागली (विषय राहिला) तर शिकवायला कोण मदत करतं, एवढं विचारा. मुलं खरं सांगतात.

पैशाचं

खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिसते. कॉलेजने सांगितलेला आकडा तिथे ताडून पाहा. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंद आहे. "सीट ब्लॉक करून देतो, आज पन्नास हजार भरा" असा फोन आला तर कितीही गोड बोलला तरी एक रुपया देऊ नका. पैसे कॉलेजच्या खात्यात, कॉलेजच्या पावतीवर, एवढंच.

मुलींच्या घरांनी एक गोष्ट नक्की तपासा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही, आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठंही यात येत नाहीत. आपल्या भागात अभिमत विद्यापीठांच्या जाहिराती भरपूर असतात. तिथला प्रवेश कॅपबाहेरचा असतो, हे समजून मगच पैसे भरा. मुलांसाठीही खुल्या प्रवर्गात ८ लाखांच्या आतल्या घरांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा अर्धा भाग मिळतो. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, प्रवेश झाल्यानंतर, आणि बँक खातं आधारला जोडलेलं हवं.

आधीच घेतलेला बी.एस्सी.चा प्रवेश आणि एकुलता एक दाखला

मुंबई विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांच्या गुणवत्ता याद्या लवकर लागतात आणि कॅपच्या फेऱ्या नंतर रेंगाळतात. म्हणून बरीच घरं आधी ठाण्याच्या बांदोडकरला किंवा वाशीच्या एखाद्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवतात. हे योग्यच आहे. मात्र शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो, आणि तो दोन्हीकडे मागतात. बी.एस्सी.ला प्रवेश घेतानाच विचारा: मूळ दाखला आज लागेल की काही दिवसांनी चालेल, रद्द करायचं झालं तर अर्ज कुणाकडे, किती दिवसांत दाखला परत. देण्यापूर्वी त्याच्या चांगल्या प्रती आणि स्कॅन काढून ठेवा. गुणपत्रिका आणि बाकीची मूळ प्रमाणपत्रं कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, तपासून परत द्यायची असतात. ते नम्रपणे पण ठामपणे सांगा.

इंजिनीअरिंगचा प्रवेशही ठरलेल्या शेवटच्या तारखेच्या आत रद्द केला तर १००० रुपयांपेक्षा जास्त कापून घेता येत नाही, बाकी फी परत मिळते. रद्द करणं पोर्टलवरूनही करावं लागतं. नुसतं कॉलेजला सांगून आलात तर तुमची जागा अडकलेलीच राहते.

बीबीए, बीएमएस, बीसीएकडे वळणाऱ्यांना एक सूचना: २०२४-२५ पासून या अभ्यासक्रमांना वेगळी सीईटी लागते. ती दिली नसेल तर तीच कॉलेजं बी.कॉम.खाली चालवत असलेले व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम पाहा.

काहीच लागलं नाही तर

पहिल्या फेरीत ‘अलॉटमेंट नाही’ दिसलं तर घरात सुतक धरू नका. बहुतेक वेळा यादी छोटी आणि फार उंच लावलेली असते. त्याच दिवशी पहिल्या फेरीचे कटऑफ घेऊन बसा, आपल्या मेरिट नंबरच्या जरा वर आणि बऱ्यापैकी खाली असे पर्याय घ्या, आणि ब्रँचमध्ये थोडं सैल व्हा. कॉम्प्युटरच हवं असं धरलेल्या मुलाला इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉममध्ये किंवा इन्स्ट्रुमेंटेशनमध्येही प्रोग्रामिंग शिकायला मिळतं.

शेवटच्या फेरीनंतरही काही नसेल तर कॉलेजांत उरलेल्या जागांची संस्थास्तरीय फेरी होते. त्यासाठी कॉलेजची नोटीस पाहून ठरलेल्या तारखेत अर्ज करायचा असतो, यादी गुणवत्तेनेच लागायला हवी. मी मुलीच्या वर्गमित्रासाठी एका वहीत पाच कॉलेजांची नावं, फोनची वेळ, बोललेल्या माणसाने काय सांगितलं आणि पुढची तारीख असं लिहून दिलं होतं. रोज सकाळी अकराला तो फोन करायचा. चौथ्या दिवशी त्याला नवी मुंबईतच मेकॅनिकलला बोलावलं.

बारावीत फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा विषय (बहुतेकांची केमिस्ट्री) यांना मिळून ४५ टक्के (राखीव प्रवर्गांना ४०) पडले नसतील तर सीईटी कितीही चांगली असली तरी पात्रता नसते. नापास विषयांसाठी पुरवणी परीक्षा आहे, कमी गुणांसाठी श्रेणीसुधार. आणि बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षात येण्याची वाट आहे. ती मी कुणालाही मनापासून सुचवते. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलांना ती मानवते.

ड्रॉप घ्यायचा का, म्हणजे एक वर्ष थांबून परत परीक्षा द्यायची का, यावर मी घाईने काही बोलत नाही. मुलाला एकट्याला विचारा, सगळ्या नातेवाइकांसमोर नको: पुढचं वर्ष सकाळी उठून काय करशील? त्याला दिवसाचं उत्तर देता आलं तर विचार करा. नुसतं "या वेळी जास्त अभ्यास करीन" एवढंच आलं तर हातातली जागा सोडू नका.

रिपोर्टिंगच्या दिवशी

जागा फ्रीझ झाली की दिलेल्या तारखांत कॉलेजात हजर व्हायचं. नुसते १००० रुपये भरून जागा पक्की होत नाही, अनेक जण इथे चुकतात. लवकर जा, मुलाला सोबत न्या, सगळी मूळ कागदपत्रं आणि दोन संच न्या, पासपोर्ट फोटो आठ-दहा. फी एकदम जमत नसेल तर हप्त्याचं लेखी मागा. शुल्क सवलत असेल तर प्रवर्गाची आणि उत्पन्नाची कागदपत्रं त्याच दिवशी दाखवा, म्हणजे पूर्ण फी भरायला सांगत नाहीत. सांगितलंच तर शासन निर्णयाची प्रत दाखवा, ती फोल्डरमध्ये असू द्या.

वरच्या मजल्यावरच्या मुलीने चौथ्या पर्यायाची जागा धरून बेटरमेंट घेतलं होतं. दुसऱ्या फेरीत तिला दुसरा पर्याय लागला, वाशीकडचा. रिपोर्टिंगला तिचे बाबा सुट्टी काढून गेले. कागद एकेक करून खिडकीतून आत देताना प्रत्येकाची नोंद त्यांनी एका पानावर केली: कुठला मूळ दिला, कुठला परत मिळाला. खाली क्लार्कची सही घेतली. तिथून निघताना त्यांनी लोकलच्या सवलतीच्या पासचा फॉर्म कुठल्या खिडकीत आणि कुठल्या वेळेत मिळतो तेही विचारून घेतलं.